घरी येणाऱ्या परिचारिकेची हमी कोण देतो? : नोंदवहीपासून मानांकनापर्यंतचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
मुलुंड वा बोरिवलीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावरचा पहारेकरी खासगी एजन्सीकडून येत असेल, तर त्या एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायद्याखाली परवाना लागतो. पहारेकऱ्याचे चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासलेला असावा, त्याने ठरावीक प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, अशा अटी त्या कायद्यातच घातलेल्या आहेत.

२/
त्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजींपाशी रात्रभर बसणारी 'मावशी' एखाद्या ब्यूरोकडून येते. औषधांचा डबा, इन्सुलिनची सुई आणि कधी कधी कपाटाची किल्लीही तिच्या हाती असते. ती प्रशिक्षित परिचारिका नसेल, तर परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव नसते. फाटकावरच्या माणसाची चौकशी काटेकोर आणि उशाशी बसणारीची सैल, ही विसंगती कशी निर्माण झाली? तिचे मूळ दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

३/
एके काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. आजाऱ्याची शुश्रूषा घरचीच माणसे करीत. बाहेरून येणारी व्यक्ती म्हणजे सुईण किंवा वैद्य. अंधेरी, घाटकोपर ही साष्टी बेटावरची गावे होती, तेव्हा सुईण कोणाच्या घरातली, तिच्या हाताला यश किती, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. ओळख हीच हमी होती. या हमीत कौशल्याची पारख फारशी नव्हती, पण चुकणाऱ्याला गावात तोंड लपवायला जागा नसे.

४/
शहर वाढले की ही ओळख तुटते. लंडनमध्ये ती आधी तुटली. चार्ल्स डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट' (१८४३-४४) या कादंबरीतील सेरी गॅम्प ही घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारी बाई. मद्याची शौकीन आणि रुग्णाबाबत बेफिकीर. ती सतत कोणा मिसेस हॅरिसचे दाखले देते : मिसेस हॅरिस आपली कशी वाखाणणी करतात, आपल्यावर किती विसंबून असतात. गंमत अशी की या मिसेस हॅरिसना कोणीच पाहिलेले नसते, कारण त्या अस्तित्वातच नाहीत. स्वतःच रचलेल्या शिफारशीचे इतके बोलके चित्र दुसरे सापडणे कठीण.

५/
यावरचे पहिले ठोस उत्तर लिव्हरपूलमध्ये शोधले गेले. तेथील व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी पत्नीच्या अखेरच्या आजारात घरी आलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेचे काम पाहिले आणि १८५९ मध्ये तिलाच गरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्यासाठी नेमले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने पुढे प्रशिक्षणाची शाळा उभी राहिली. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

६/
या संस्थेची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. गावोगावच्या स्थानिक मंडळांना ती संलग्नता देई, पण अटींवर. परिचारिकेचे प्रशिक्षण ठरलेल्या दर्जाचे असले पाहिजे आणि संस्थेच्या निरीक्षक ठरावीक काळाने येऊन प्रत्यक्ष काम पाहतील. अट मोडली तर संलग्नता धोक्यात. 'मानांकन' हा शब्द तेव्हा नव्हता, परंतु घरसेवेच्या मानांकनाचा गाभा येथे तयार झाला होता : बाहेरच्या त्रयस्थाने, आधी जाहीर केलेल्या कसोटीवर, वारंवार केलेली तपासणी.

७/
याच सुमारास मुंबईतही प्रशिक्षित परिचर्येची सुरुवात होत होती. १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय उघडले. त्याची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. परंतु हे शिक्षण रुग्णालयापुरते होते. शहरातील बहुसंख्य बाळंतपणे आणि दुखणी घरातच पार पडत होती.

८/
घराचा उंबरठा ओलांडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढच्याच दशकात रक्तरंजित ठरला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या बळावर पथके घरांत शिरू लागली. लोक रुग्णांना लपवू लागले. पुण्यातील घरझडत्यांचा संताप २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत पोचला. सत्तेचा शिक्का असलेली, पण विश्वास गमावलेली माणसे घरात शिरली की काय होते, हे त्या काळाने दाखवले.

९/
विश्वास असलेली आणि प्रशिक्षणही घेतलेली माणसे कोठून आणायची? एक उत्तर रमाबाई रानडे यांनी दिले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. त्यांत विधवाही होत्या. परक्याच्या देहाला हात लावण्याचे काम हलके मानणाऱ्या समाजात ही मोठी गोष्ट होती. सेवासदनाचे नाव हीच त्या मुलींची हमी ठरली. व्यक्तीच्या ओळखीची जागा संस्थेच्या ओळखीने घेतली.

१०/
पण कोणत्या संस्थेवर विश्वास ठेवायचा, हे कोण ठरवणार? इंग्लंडमध्ये या मुद्द्यावर तीस वर्षे वाद पेटला होता. एका बाजूला एथेल बेडफर्ड फेनविक. १८८७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन केली. मागणी एकच : परिचारिकांची शासकीय नोंदवही. दुसऱ्या बाजूला, नोंदवहीला ठाम विरोध करणाऱ्या साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

११/
नाइटिंगेल यांचा विरोध आज वाचताना चकित करतो, पण त्यामागचा युक्तिवाद भक्कम होता. परीक्षेतून ज्ञान कळते, स्वभाव कळत नाही. नोंदवहीत एकदा नाव चढले की ते वर्षानुवर्षे तसेच राहते. मधल्या काळात ती व्यक्ती चांगली परिचारिका राहिली की नाही, हे वहीला कसे कळणार? परिचर्येचा दर्जा रोजच्या देखरेखीतून टिकतो, कागदावरच्या नावातून नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

१२/
अखेर नोंदवही जिंकली. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला. इंग्लंडमध्ये तो १९१९ मध्ये आला आणि नोंदवहीत पहिले नाव फेनविक यांचे लागले. मात्र या कायद्यात एक फट होती. 'नोंदणीकृत परिचारिका' या पदवीचे त्याने रक्षण केले, कामाचे नव्हे. नोंद नसलेली व्यक्ती पैसे घेऊन घरी शुश्रूषा करू शकत होती. फक्त स्वतःला नोंदणीकृत म्हणवून घेता येत नव्हते.

१३/
भारतात मद्रास प्रांताने १९२६ मध्ये पाऊल उचलले. मुंबई प्रांताचा परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत नोंदणी कायदा १९३५ चा. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्रात आज परिचारिकांची नोंदणी होते ती १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली. 'कोण सेवा देते?' या पहिल्या प्रश्नाला अशा रीतीने उत्तर मिळाले.

१४/
पण वही आणि गरज यांत प्रचंड अंतर होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात परिचारिका सुमारे ७,००० होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. रुग्णालयांनाच त्या पुरत नव्हत्या, तेथे घरी कोण येणार? घरची पोकळी आया, दाया आणि अनुभवातून शिकलेल्या मदतनीस स्त्रियांनी भरून काढली. त्यांनी असंख्य रुग्ण सांभाळले, पण त्यांच्या शिक्षणाची वा कामाची नोंद कोणी ठेवली नाही. आजच्या 'मावशी'ची वंशावळ ही अशी आहे.

१५/
दुसरा प्रश्न जागेचा : 'सेवा कोठे दिली जाते?' इंग्लंडने १९२७ मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. मुंबईत तो १९४९ मध्ये 'मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा' म्हणून आला. या कायद्याने शुश्रूषागृहाची व्याख्या जागेला बांधली : आजारी, जखमी वा दुर्बळ व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी वास्तू. म्हणजे रुग्ण वास्तूत आला, तरच कायद्याची नजर त्याच्यावर पडते.

१६/
योगायोग असा की याच काळात मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकत होती. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपर, १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड महापालिकेच्या क्षेत्रात आली. चाळींमागून गृहनिर्माण संस्था, त्यांमागून मनोरे उभे राहिले. एकत्र कुटुंबाची जागा दोन खोल्यांच्या घराने घेतली. मुले आधी फोर्ट-नरिमन पॉइंटला, पुढे बंगळुरू, दुबई आणि न्यू जर्सीला गेली. वास्तूवर बेतलेला कायदा रुग्णालयाच्या दारात थांबला. म्हातारपण मात्र घरातच राहिले.

१७/
तिसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित : 'सेवा देणाऱ्याला पाठवतो कोण?' ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ मध्ये, परिचारिका पुरवणाऱ्या एजन्सींना परवाना सक्तीचा केला. १९५७ च्या कायद्यात तर अट होती की कोणत्या रुग्णाकडे कोणाला पाठवायचे, ही निवड नोंदणीकृत परिचारिका वा डॉक्टर यांच्याच देखरेखीखाली व्हावी. टेलिफोनवर बसलेल्या व्यवस्थापकाने 'आज जी मोकळी आहे तिला' पाठवणे त्या कायद्यात बसत नव्हते.

१८/
मुंबईने इंग्लंडकडून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उचलली आणि ती रुजली. परिचारिकेची नोंदणी आणि शुश्रूषागृहाची नोंदणी सामान्य माणसाला परिचित आहे. तिसऱ्या प्रश्नाचे भान मात्र त्या प्रमाणात रुजले नाही. ब्यूरोच्या भिंतीवरचा गुमास्ता परवाना पुष्कळांना पुरावा वाटतो. वास्तविक तो दुकाने व आस्थापनांच्या नोंदणीचा कागद आहे. किराणा दुकानालाही तोच लागतो. रुग्णाला कूस कशी बदलवावी, हे माहीत असल्याचा तो दाखला नव्हे.

१९/
मानांकनाचा आधुनिक इतिहास येथे जोडून घ्यावा लागतो. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९१७ मध्ये रुग्णालयांसाठी 'किमान मानक' तयार केले. आकार जेमतेम एक पान. शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली आणि त्यांपैकी फक्त ८९ त्या कसोटीला उतरली. नापास झालेल्यांत नामांकित रुग्णालयेही होती. यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत ती जाळून टाकण्यात आली.

२०/
नाव मोठे म्हणून काम चांगले, हा समज त्या भट्टीत जळाला असे म्हणता येईल. त्याच प्रयत्नातून १९५१ मध्ये जॉइंट कमिशन ही मानांकन संस्था उभी राहिली. १९८८ मध्ये तिने घरसेवेचेही मानांकन सुरू केले. भारतात १९९७ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषद आणि २००५ मध्ये तिच्या अंतर्गत रुग्णालयांच्या मानांकनाचे राष्ट्रीय मंडळ, म्हणजेच एनएबीएच, स्थापन झाले. रुग्णालयाच्या दारावर हे मानांकन पाहण्याची सवय मुंबईकरांना झाली आहे. घरी येणाऱ्या सेवेबाबत तोच प्रश्न विचारण्याची सवय अजून लागायची आहे.

२१/
घरसेवेत मानांकन नेमके काय पाहते? एक साधे उदाहरण घेऊ. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलली नाही, तर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. त्या चिघळल्या तर जीवावर बेततात. मायाळू पण अप्रशिक्षित मावशी 'बाईंना झोप लागली आहे, कशाला उठवू' म्हणून तशीच बसून राहील. तिचा हेतू चांगला असतो. उणीव असते ती तिला शिकवणाऱ्या आणि तपासणाऱ्या व्यवस्थेची.

२२/
चांगल्या मानकांत ही व्यवस्था लिहिलेली असते. सेवा सुरू होण्याआधी जाणत्या परिचारिकेने रुग्णाला पाहिले का? शुश्रूषेचा लेखी आराखडा आहे का? कूस बदलल्याची, औषध दिल्याची वेळ वहीत नोंदली जाते का? पर्यवेक्षक अधूनमधून घरी येतो का? मध्यरात्री श्वास अडकला तर कोणाला फोन करायचा, हे ठरलेले आहे का? माणसाची ओळख व पूर्वेतिहास तपासला का? तक्रारीचे पुढे काय झाले, याची नोंद आहे का? आणि या साऱ्याची पडताळणी बाहेरचा त्रयस्थ करतो, तीही पुन्हा पुन्हा.

२३/
नाइटिंगेल यांच्या आक्षेपाला येथे उत्तर मिळते. नोंदवही सांगते की ही व्यक्ती एके काळी परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या आजच्या कामावर कोणाची नजर आहे, हे मानांकन विचारते. फेनविक यांची वही आणि नाइटिंगेल यांची देखरेख या दोन परस्परविरोधी मानल्या गेलेल्या कल्पना मानांकनात एकत्र येतात. पैकी एकच असेल, तर हमी अर्धीच राहते.

२४/
या हमीला मर्यादाही आहेत. मानांकन ऐच्छिक असते. ते मिळवायला पैसा आणि मनुष्यबळ लागते, त्यामुळे एखादी लहान, प्रामाणिक ब्यूरो त्यापासून दूर राहू शकते. तपासणीच्या दिवशी चकचकीत असलेली वही पुढच्या महिन्यात कोरी राहू शकते. शिवाय मानांकनाला व्याप्ती असते : रुग्णालयाला मिळालेले मानांकन त्याच नावाने चालणाऱ्या घरसेवेला आपोआप लागू होत नाही. फलकावरचे बोधचिन्ह पाहून विसावणारे येथेच फसतात.

२५/
आणखी एक बाजू सहसा मागे पडते, ती मावशीची. बारा तासांची पाळी, वर लोकलचा प्रवास, रजा घेतली तर पगार कापला जाणार, आणि घरात काही हरवले की पहिला संशय तिच्यावर. काय करायचे हे तिला कोणी लेखी दिलेले नसते, मग चूक ठरवायची कशावरून? लिखित आराखडा आणि रोजची नोंदवही रुग्णाचे रक्षण करते, तसेच खोट्या आरोपापासून तिचेही. सेवासदनाने शंभर वर्षांपूर्वी मुलींना शिक्षणाबरोबर जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिची उणीव आजही भरून निघालेली नाही.

२६/
म्हणून अंधेरी असो की मुलुंड, घरी माणूस ठेवताना इतिहासातले तिन्ही प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. येणारी व्यक्ती कोण? परिचारिका असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक काय आणि नूतनीकरण झाले आहे का? मदतनीस असेल तर तिचे प्रशिक्षण कोठे व किती दिवसांचे? दोघींच्या कामात आणि दरात फरक असतो. मदतनिसाला परिचारिका म्हणून पाठवणे ही सर्वाधिक आढळणारी फसवणूक होऊ शकते.

२७/
काम कोठे आणि कसे होणार? घरी नाकातली नळी, लघवीची नळी वा प्राणवायूचे यंत्र असेल, तर ते हाताळण्याची जबाबदारी लेखी कोणाची? आणि शेवटी, पाठवणारा कोण? त्याला मानांकन आहे का, कोणत्या संस्थेचे, नेमक्या कोणत्या सेवेसाठी, कोणत्या तारखेपर्यंत? हे फलकावर न पाहता मानांकन देणाऱ्या संस्थेच्या यादीत पाहावे. मानांकन नसेल, तरी वर सांगितलेल्या व्यवस्थेतले काय काय आहे, हे विचारता येते. या प्रश्नांनी चिडणारी ब्यूरो आपले उत्तर त्या चिडण्यातूनच देते.

२८/
२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३ लाख ५७ हजार होती, तर महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. तेव्हापासून ते वाढतेच आहे. शिफारस आजही बहुधा अशीच मिळते : सोसायटीच्या ग्रुपवर आलेला निरोप, 'आमच्या ओळखीच्यांकडे होती, चांगली आहे.' कधी तो निरोप खराही असतो. पण ते 'ओळखीचे' कोण, त्यांना कोणी पाहिले आहे का, आणि तिचे काम कोणी तपासले, हे विचारून घेतले नाही, तर मिसेस हॅरिस घाटकोपरलाही भेटू शकतात.